तारुण्यपिटिका : दोष कोणाचा, उपाय कोणता?

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कुटुंबमेळाव्यात दिलेले भाषण



सुवर्णमहोत्सवाच्या या आनंदाच्या वर्षी आम्हां उभयतांना आपण येथे बोलावयास उभे केलेत, याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. आम्ही दोघेही वैद्यकव्यवसायी. एकाचा विषय त्वचारोग, तर दुसऱ्याचा सर्वसाधारण व्यवसाय. बोलणारे तोंड एक असले तरी टिपणे दोघांची आहेत, म्हणून भाषणभर 'आम्ही' असाच उल्लेख होईल. तो मोठेपणाचा समजू नये, ही विनंती.

कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा आम्ही 'तारुण्यपिटिका' असे उत्तर दिले आणि थोडे हसू झाले. हृदयविकार, मधुमेह असे भारदस्त विषय सोडून तोंडावरच्या पुटकुळ्यांवर काय बोलावयाचे? पण हा विषय आम्ही विचारपूर्वक निवडला आहे. त्याला कारण आपल्याच मंडळात घडलेली एक गोष्ट आहे आणि तीत थोडा दोष आमचाही आहे. ती गोष्ट पुढे सांगू.

आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांत लष्कर, बँका आणि केंद्र सरकारची कार्यालये यांतील माणसे अधिक होती. ती बदलीवर सहकुटुंब येत, बिऱ्हाड मांडीत आणि मग मंडळाचा पत्ता शोधीत. २००५ साली मनीमाजरा आणि किशनगढ यांच्या लगत, सुखना तलावापासून जवळच, राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्कचे उद्घाटन झाले. एवढे लांब नाव कोणी घेत नाही; रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सारे त्याला 'आयटी पार्क' म्हणतात. या आयटी पार्कने आपल्या मंडळाचे वय बदलले. आता पुण्याहून, नागपुराहून, सांगलीहून विशी-बाविशीतली मुले-मुली एकेकटी येतात. मनीमाजऱ्यात किंवा पंचकुल्यात तिघी-चौघी मिळून खोली घेतात, रात्रपाळी करतात आणि गणेशोत्सवात आरतीच्या वेळी मागच्या रांगेत उभी राहतात. आमचा लहानसा दवाखाना त्यांच्या वाटेवर आहे. तेथे ही मुले ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांत चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांचा क्रमांक फार वरचा आहे.

ही व्याधी नवी नव्हे. सुश्रुतसंहितेत तिला 'मुखदूषिका' म्हटले असून तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या या पुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली आहे. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे कळेल. सुश्रुतांनी तिची गणना क्षुद्ररोगांत केली. शरीरापुरते ते वर्गीकरण ठीक आहे. मनापुरते मात्र ती क्षुद्र ठरत नाही. आजच्या अंदाजाप्रमाणे बारा ते चोवीस या वयोगटातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना ती कमीअधिक प्रमाणात होते. २०१० सालच्या जागतिक रोगभाराच्या पाहणीत जगातील सुमारे ९.४ टक्के लोकांना ती असल्याचा अंदाज मांडला गेला आणि सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांत तिला आठवा क्रमांक मिळाला. इतकी सार्वत्रिक असलेली गोष्ट एखाद्या मुलीला केवळ आपलीच शिक्षा वाटावी, यात कोठेतरी आपल्या बोलण्याचा हात आहे.

आता कारणांकडे वळू. आपल्या त्वचेवर जेथे केस आहेत, तेथे प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक कूप असतो. त्याला लागून तेलाची ग्रंथी असते आणि तिच्यातले तेल त्या कूपातून वर येऊन त्वचेला स्निग्ध ठेवते. चेहरा, छाती आणि पाठ येथे या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. वयात येताना शरीरात अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात, ती मुलांत आणि मुलींतही असतात. त्यांच्या आज्ञेने ग्रंथी अधिक तेल करू लागतात. त्याच वेळी कूपाच्या तोंडाशी मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तेथे बूच बसते. बूच मिटलेले राहिले तर पांढरा कण दिसतो. तोंड उघडे राहिले तर काळा ठिपका दिसतो, ज्याला मुले ब्लॅकहेड म्हणतात. तो काळेपणा धुळीचा नव्हे. त्वचेतले रंगद्रव्य आणि हवेशी संयोग झालेले तेल यांचा तो रंग आहे. साबणाने घासून तो जाणार नाही.

बूच बसलेल्या कूपात तेल साठते. तेथे आधीपासूनच राहणारा एक जंतू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, त्या तेलावर पोसतो आणि वाढतो. शरीर त्याला प्रतिकार करते. त्यातून लाली, सूज, पू आणि वेदना येतात. भिंत आतल्या आत फुटली तर खोल गाठी होतात आणि त्या बऱ्या होताना खड्डे ठेवून जातात. म्हणजे अधिक तेल, कूपाला बसलेले बूच, जंतूंची वाढ आणि दाह, अशा या चार गोष्टी झाल्या. या चौकडीत 'चेहरा नीट धूत नाही' ही गोष्ट कोठेही नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. आईवडिलांना झाल्या असतील तर मुलांना होण्याचा संभव वाढतो. तेव्हा दोष द्यावयाचाच झाला तर तो मुलाने आपल्याला द्यावा!

'अंगात उष्णता आहे, ती बाहेर पडते' आणि 'लग्न झाले की आपोआप जातात' ही दोन वाक्ये आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. पहिल्यामुळे मुले मिरची सोडतात, पण त्याने पुटकुळ्या जात नाहीत. दुसरे अधिक वाईट, कारण ते उपचार लांबवते. पुष्कळांच्या पुटकुळ्या पंचविशीच्या सुमारास कमी होतात हे खरे. पण ते वयाने होते, लग्नाने नव्हे. आणि स्त्रियांत त्या तिशी-चाळिशीतही राहू शकतात. वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांत पडलेले खड्डे मात्र कायमचे राहतात. मुलीची पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर बीजकोशांच्या पीसीओएस या विकाराची तपासणी अवश्य करून घ्यावी.

आहाराचे काय? येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. १९६९ साली अमेरिकेत फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी चॉकलेटवर प्रयोग केला आणि त्याचा पुटकुळ्यांशी संबंध नाही असा निष्कर्ष काढला. पुढे त्यावर आक्षेप आला, कारण तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वड्यांतही साखर आणि स्निग्धांश भरपूर होते. २००२ साली लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरच्या १,२०० लोकांच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत एकालाही तारुण्यपिटिका आढळल्या नव्हत्या. त्यांचे अन्न कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ असे होते. २००७ साली ऑस्ट्रेलियात बारा आठवड्यांच्या प्रयोगात, रक्तातली साखर झपाट्याने न वाढविणारा आहार घेणाऱ्या तरुणांच्या पुटकुळ्या अधिक कमी झाल्या. तेव्हा मैदा, साखर, गोड पेये यांचा अतिरेक टाळणे हिताचे, एवढे म्हणता येईल. दुधाचा संबंध काही पाहण्यांत दिसतो, पण तो पक्का सिद्ध झालेला नाही. व्यायामशाळेत जाणारे आपले तरुण दुधापासून काढलेल्या प्रथिनांची भुकटी डबेच्या डबे संपवितात. तिने काहींच्या पुटकुळ्या भडकल्याच्या नोंदी आहेत. मात्र पथ्य हे औषधाच्या जोडीला असते, औषधाच्या जागी नव्हे. आईने फोनवरून 'तेलकट खाऊ नकोस' असे सांगितल्याने रोमकूप उघडत नाहीत.

खाण्यातल्या तेलापेक्षा आम्हाला डोक्यावरच्या तेलाची चिंता अधिक वाटते. इकडच्या हिवाळ्यात खोबरेल बाटलीत गोठते. आपण ते उन्हात ठेवून, वितळवून, भरपूर थापतो आणि ते कपाळावर उतरते. कपाळाच्या कडेने बारीक कणांची रांग दिसली की आम्ही प्रथम तेलाचीच चौकशी करतो. तेल लावावयाचेच तर थोडे लावावे, कपाळापासून दूर ठेवावे आणि लवकर धुवावे. जुलै-ऑगस्टमधील इकडचा घाम आणि दमटपणा, अपुरी झोप, मनावरचा ताण यांनीही काहींचा त्रास वाढतो. क्षयावरील आयसोनियाझिडसारख्या काही औषधांनीही तशाच पुटकुळ्या येतात. तेव्हा चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत, आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत.

आता ती गोष्ट. नाव सांगणार नाही आणि ओळख पटू नये एवढा बदल तपशिलात केला आहे. आयटी पार्कमध्ये नोकरीस लागलेली आपल्याकडची एक मुलगी. वय चोवीस. घरी स्थळे पाहणे सुरू झाले होते. मंडळाच्या हळदीकुंकवाला ती आली होती. गाल पुटकुळ्यांनी भरले होते. आम्ही तिला पाहिले आणि चार बायकांच्या देखत सहज म्हणालो, "अगं, चेहऱ्याला काय करून घेतलंस?" शब्द आपुलकीचे होते. निदान आम्हाला तसे वाटले होते. ती हसली, वाण घेऊन गेली. त्यानंतर सात महिने ती मंडळात फिरकली नाही आणि आमच्या ते ध्यानातही आले नाही.

एका रात्री दवाखाना बंद करण्याच्या वेळी ती आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली. ओढणी काढली तेव्हा दोन्ही गाल लालभडक होते, त्यांवर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत होते आणि मधूनमधून पुवाच्या पुळ्या होत्या. खोलीतल्या मैत्रिणीने एक मलम सुचविले होते; औषधाच्या दुकानातून ते चिठ्ठीवाचून मिळाले. पहिल्या आठवड्यात चेहरा स्वच्छ आणि उजळ झाला. तिने घरी छायाचित्र पाठविले, आई आनंदली. पण मलम दोन दिवस सोडले की आग होई आणि पहिल्यापेक्षा दुप्पट पुळ्या उठत. म्हणून ती पुन्हा लावी. "काकू, खोलीतला आरसा मी उलटा करून ठेवलाय," असे ती म्हणाली, तेव्हा आमच्यापैकी एकालाही पुढचा प्रश्न लगेच विचारवेना.

मलमात तीव्र स्टेरॉइड होते. हे औषध वाईट नाही. योग्य रोगावर, योग्य मुदतीत ते वरदान आहे. पण चेहऱ्याच्या नाजूक कातडीवर आठवडेच्या आठवडे लावले की ते कातडी पातळ करते, रक्तवाहिन्या उघड्या पाडते, लव वाढविते, स्वतःच पुटकुळ्या आणते आणि सोडू म्हटले तर सोडवत नाही. हा प्रकार अपवादात्मक समजू नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक केंद्रांवर केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते. आणि त्यांत गोरे होण्यासाठी व पुटकुळ्यांसाठी लावणारे पुष्कळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली. कायदा झाला, सवय मात्र मागे रेंगाळते आहे. म्हणून आम्ही सांगतो, मलमाच्या नळीवरची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते पुटकुळ्यांचे औषध नव्हे. ते बरेच दिवस लावीत असाल तर एकाएकी फेकूनही देऊ नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

त्या मुलीला बरे व्हावयास आठ महिने लागले. योग्य उपचार पहिल्याच दिवशी मिळते, तर बहुधा तीन-चार महिन्यांत काम झाले असते. ते उपचार कोणते, हे आता थोडक्यात सांगतो.

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने धुवावा. घासू नये, पुटकुळी फोडू नये. जायफळ उगाळून लावणे, लिंबू चोळणे, टूथपेस्ट थापणे यांनी कातडी चुरचुरते आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर काळे डाग अधिक उठतात. सौम्य विकारावर बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जुने आणि भरवशाचे औषध आहे. ते जंतू मारते आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. अडीच टक्क्यांचे पुष्कळदा पुरते. अधिक तीव्र घेतल्याने जळजळच वाढते. उशीच्या अभ्र्याचा आणि टॉवेलाचा रंग त्याने उडतो, हे आधीच सांगून ठेवतो. कूपाचे बूच काढण्याचे काम 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली मलमे करतात. त्यांतले ॲडापालिन आज बरेच वापरले जाते. ते रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढे घेऊन सर्वत्र पातळ पसरावे. केवळ पुटकुळीवर टिकली लावल्यासारखे लावू नये. पहिले काही आठवडे कातडी सुटते आणि पुटकुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. तेथेच निम्मी मुले औषध सोडतात. अशा वेळी एक दिवसाआड लावावे, साधे मॉइश्चरायझर वापरावे, उन्हापासून चेहरा जपावा. पण औषध सोडू नये. गरोदरपणात मात्र ही मलमे टाळावीत. त्या काळात ॲझेलेइक आम्लाचे मलम चालते.

विकार मध्यम असेल तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक देतात. ते तीन-चार महिन्यांहून अधिक घेऊ नये आणि एकटे घेऊ नये. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावे, नाहीतर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गाठी आणि खड्डे पडणाऱ्या तीव्र विकारासाठी आयसोट्रेटिनॉइन ही गोळी आहे. अमेरिकेत तिला १९८२ साली मान्यता मिळाली आणि या रोगाच्या इतिहासात एवढे परिणामकारक औषध दुसरे झाले नाही. पण तिने गर्भात गंभीर व्यंगे येतात. म्हणून गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. रक्तातील मेद आणि यकृत यांची तपासणी करावी लागते. ओठ कोरडे पडतात. मन खिन्न वाटू लागले तर तत्काळ कळवावे लागते. मैत्रिणीच्या पुडीतून घेण्याची ही गोळी नव्हे. येथे पीजीआय आहे, बत्तीस सेक्टरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. परगावी असलो तरी आपण उपचारांपासून दूर नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे धीर. आज दिसणारी पुटकुळी कित्येक आठवड्यांपूर्वी आत सुरू झालेली असते. म्हणून आज लावलेल्या मलमाचे फळ आठ ते बारा आठवड्यांनी दिसते. चार दिवसांत चेहरा उजळविणारे काही मिळाले, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्या. बरे झाल्यावरही मलम काही काळ चालू ठेवावे लागते. मागे राहिलेले काळे डाग महिन्या-महिन्यांनी फिके होतात. खड्ड्यांवर पुढे वेगळे उपचार करता येतात.

शेवटी मंडळास एक विनंती आहे. ही मुले घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरांवर एकटी राहतात. त्यांना आरशात पाहणे रोज भाग पडते. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे हे त्यांना आपण सांगण्याची गरज नाही. दारात आलेल्या मुलीला कामाचे विचारा, जेवणाचे विचारा, गावाकडचे विचारा. उपचाराचे सुचवावयाचे असेल तर बाजूला घेऊन, एकटीला, एकदाच सुचवा. आम्ही वैद्य असूनही हे चुकलो. त्या चुकीने ज्या रुग्णाला आमच्याकडे पहिल्या दिवशी यावयाचे, ती सात महिन्यांनी आली. आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "काकू, तुम्ही एकट्याच नव्हतात." हे उत्तर आमच्या समाधानासाठी नव्हते, आणि म्हणूनच आज ते आपल्यापुढे ठेवले आहे.

यंदाच्या गणेशोत्सवात ती आरतीला आली होती. गालांवर डाग अजून थोडे आहेत. कोणी काही विचारले नाही. प्रसाद वाटावयास माणसे कमी पडत होती. कोणीतरी तिच्या हाती परात दिली आणि ती सबंध मंडप फिरून आली.